डोळ्याचं माप

लग्नघरी कासारीण यायची तेव्हा आम्ही मुली तिच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. टोपलीतली बांगडी ती आधी काढायचीच नाही. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची, अंगठा तळव्याकडे मुडपायची, पंजा दोन्हीकडून जरा चेपायची आणि म्हणायची, "सव्वादोन." हात चेपल्याशिवाय तिने कुणाला माप सांगितल्याचं मला आठवत नाही. बांगडी चढल्यावरही तिचं काम संपायचं नाही. मनगटावर ती वरखाली करून बघायची. बांगडी रुतायला नको, आणि हात खाली सोडला की गळायलाही नको.

कॉन्टॅक्ट लेन्सचं माप घेणं हे याच जातीचं काम आहे. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. बांगडी घट्ट झाली तर हात लगेच सांगतो. लेन्स घट्ट झाली तर डोळा पहिले काही तास तक्रारच करत नाही. उलट अशी लेन्स बरीच सुखाची वाटते, कारण जी वस्तू हलत नाही ती पापणीला जाणवत नाही. "मला काही टोचत नाही, म्हणजे लेन्स छान बसली," असं आपण सगळेच समजतो, आणि नेमके तिथेच फसतो.

मीही फसले होते. एकोणिसाव्या वर्षी माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा होता. घराजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात मी नंबराचा कागद दिला. दुकानदाराने त्यावरचा आकडा वाचला, कपाटातून त्याच आकड्याची जोडी काढली आणि पैसे घेतले. पाच मिनिटांत काम झालं. तेवढ्यात त्याने माझ्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. पहिला दिवस आनंदात गेला. बसमधून उतरल्यावर समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसली. आठवडाभरात संध्याकाळी डोळे लाल व्हायला लागले. वाचताना कपाळ ठणकायचं. रात्री लेन्स काढून आरशात बघितलं की बुबुळाभोवती, पांढऱ्या भागावर, एक बारीक गोल वळ उठलेला दिसायचा. घट्ट मोज्याचा पोटरीवर उठतो ना, तसा.

त्या पाच मिनिटांत दोन चुका झाल्या होत्या. एक आकड्याची आणि एक मापाची.

आकड्याची आधी सांगते, कारण ती साधी आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. मायनस नंबराची काच डोळ्याच्या जवळ आणली की तिचा जोर वाढतो, म्हणून लेन्सचा नंबर चष्म्याच्या नंबरापेक्षा कमी धरावा लागतो. मायनस ६.५० चा चष्मा असेल तर लेन्स मायनस ६.०० ची लागते. मायनस १० च्या चष्म्याला मायनस ९ ची. प्लस नंबराचं उलट असतं. तिथे चष्म्याचा १० लेन्समध्ये ११ च्याही वर जातो. चारच्या आतल्या नंबराला हा फरक पाव नंबराहूनही कमी असतो, म्हणून कमी नंबराच्या लोकांना तो कधी कळतच नाही. मला मात्र अर्धा नंबर जास्तीचा मिळाला होता. तरुण डोळा आतलं भिंग फुगवण्याचा ताण घेऊन तो जास्तीचा जोर भरून काढतो, त्यामुळे लांबचं लख्ख दिसत होतं. पुस्तक उघडलं की त्याच ताणावर वाचनाचा ताण चढायचा, आणि कपाळ ठणकायचं.

मापाची चूक समजण्यासाठी डोळ्याच्या त्या भागाकडे जवळून बघायला हवं, ज्याच्यावर लेन्स बसते. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्या तपकिरी चकतीवर, घड्याळावर काच असावी तसा, एक पारदर्शक घुमट असतो. तो म्हणजे पारपटल, डॉक्टरांचा कॉर्निया. रुंदी साडेअकरा-बारा मिलिमीटर, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या घुमटाची गोलाई त्रिज्येत मोजतात आणि ती सरासरी ७.८ मिलिमीटर भरते. एखाद्याची ७.४ असते, एखाद्याची ८.२. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण लेन्सच्या जगात तेवढ्यात घट्टाची सैल होते.

या घुमटाची दुसरी गोष्ट मला कायम थक्क करते. त्यात रक्तवाहिनी नाही. असती तर आपल्याला जग लाल जाळीतून दिसलं असतं. रक्त नाही म्हणजे प्राणवायू आणून देणारं कुणी नाही, म्हणून पारपटल तो थेट हवेतून घेतं. हवेतला प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तिथून आत जातो. झोपेत पापणी मिटली की तो पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून मिळतो, आणि तेव्हा त्याचं प्रमाण जागेपणीच्या निम्म्याहूनही कमी होतं. लेन्स लावणं म्हणजे श्वास घेणाऱ्या या कातडीवर झाकण ठेवणं. झाकण हलतं राहिलं तर त्याखालचे अश्रू बदलत राहतात, कचरा वाहून जातो. ते रुतून बसलं की खालचं पाणी साचतं, पारपटल सुजतं, आणि असंच चालू राहिलं तर कडेच्या पांढऱ्या भागातून बारीक रक्तवाहिन्या पारपटलात शिरू लागतात. जिथे कधीच रक्त नसायला हवं तिथे. हे सगळं न दुखता होऊ शकतं.

मग माप घ्यायचं कसं? कासारीण हात चेपते तसा डोळा काही चेपून बघता येत नाही. इथे पारपटलाचाच एक गुण कामी येतो. ते ओलं आणि चकचकीत असतं, म्हणजे आरसा असतं. समोर ठरावीक मापाची वस्तू धरली की तिचं छोटं प्रतिबिंब त्यात पडतं. घुमट जितका टोकदार, तितकं प्रतिबिंब लहान. लोखंडी पळीच्या फुगीर पाठीत चेहरा लहान दिसतो तसंच. प्रतिबिंब मोजलं की गोलाई कळली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच तत्त्वावर यंत्र केलं, आणि आजचा केरॅटोमीटर त्याचाच वंशज आहे. १८८० च्या सुमारास पोर्तुगालमधल्या प्लासिदो या नेत्रवैद्याने पुठ्ठ्यावर काळी-पांढरी वर्तुळं काढली, मधोमध भोक ठेवलं आणि त्यातून डोळ्यात पडलेलं वर्तुळांचं प्रतिबिंब बघितलं. वर्तुळं वाकडी दिसली की घुमट वाकडा. मोठ्या दवाखान्यात आज डोळ्याचा जो रंगीत नकाशा छापून हातात देतात, त्याची सुरुवात या चकतीपासून झाली.

तरीही केरॅटोमीटरच्या आकड्यावर थांबून चालत नाही. ते यंत्र मोजतं घुमटाच्या मधला साधारण तीन मिलिमीटरचा भाग, आणि मऊ लेन्स असते चौदा मिलिमीटरची. ती पारपटल ओलांडून पांढऱ्या भागावर टेकते. शिवाय सारख्याच गोलाईच्या दोन वाट्यांपैकी जी जास्त रुंद असते ती जास्त खोल असते. म्हणून लेन्सच्या डबीवर गोलाई आणि व्यास असे दोन आकडे छापतात, आणि दोन्ही मिळून माप ठरतं. एवढं करूनही एका कंपनीची ८.६ आणि दुसऱ्या कंपनीची ८.६ एकाच डोळ्यावर वेगळी बसते, कारण प्लास्टिकची ताठरता वेगळी, कडेची घडण वेगळी. दुकानदार "तीच आहे, फक्त कंपनी वेगळी" असं म्हणाला तर ती तीच नसते, हे पक्कं धरून चाला.

अखेर माप ठरतं ते डोळ्यावरच. दुसऱ्या वेळी मी गेले ती एका ऑप्टोमेट्रिस्ट बाईंकडे. त्यांनी आधी अश्रू तपासले. डोळ्यात केशरी-हिरवा थेंब सोडून, न मिचकावता किती सेकंदांत थर फाटतो ते बघितलं. दहा सेकंदांपेक्षा फार लवकर फाटला तर डोळा कोरडा, आणि कोरड्या डोळ्यावर कितीही मापाची लेन्स सुखाने राहत नाही. पापण्या उलटून बघितल्या. मी संगणकावर किती तास बसते, पंख्याखाली झोपते का, हे विचारलं. मग माझी जुनी लेन्स घालायला लावली आणि बाहेर बसवलं. लेन्स डोळ्यात स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. त्याआधी बघितलेलं सगळं खोटं.

स्लिटलॅम्प म्हणजे उभ्या प्रकाशाची बारीक फट डोळ्यावर टाकणारा सूक्ष्मदर्शक. हनुवटी टेकवून मी बसले. त्यांनी यंत्राला जोडलेला पडदा माझ्याकडे वळवला. "वर बघा ताई. आता डोळे मिचका. अजून एकदा." पडद्यावर माझी पापणी एखाद्या शटरसारखी खाली आली नि वर गेली. लेन्सची कड होती तिथेच होती. त्यांनी खालच्या पापणीवर बोट ठेवून लेन्स हलकेच वर ढकलली. कड जेमतेम सरकली. लेन्सच्या कडेखाली पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या दबून फिक्या पडल्या होत्या आणि कडेबाहेर पुन्हा लाल होत होत्या. "पापणी हलतेय, लेन्स हलत नाहीये," त्या म्हणाल्या. मग दुसरी घातली, पुन्हा बसवलं, पुन्हा पाहिलं. ही लेन्स प्रत्येक मिचकावण्याला किंचित उचलली जाऊन परत जागेवर येत होती. पाव ते अर्धा मिलिमीटर, इतकंच. मऊ लेन्स नीट बसली की एवढीच हलते. बोटाने ढकलली तर सहज सरकली आणि सोडताच परतली.

घरी यंत्र नसतं, पण एक खूण आपल्याला स्वतःलाही बघता येते. मिचकावल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून मग धूसर होत असेल तर लेन्स घट्ट असण्याचा संशय घ्यावा. अशी लेन्स मध्ये फुगून राहते, पापणी तिला घडीभर दाबून सपाट करते. मिचकावल्यावर आधी धूसर होऊन मग स्थिर होत असेल तर ती सैल असावी. ही खूण तपासणीच्या जागी नाही, तपासणीला जायला भाग पाडण्यापुरती आहे.

कॉन्टॅक्ट लेन्सचा सगळा इतिहासच मापाचा इतिहास आहे. १८८८ मध्ये झुरिकच्या आडोल्फ फिक या डॉक्टरांनी डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या कवचांबद्दल लिहिलं. ती त्यांनी आधी सशांवर, मग स्वतःवर, मग रुग्णांवर वापरून पाहिली. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठातल्या आउगुस्ट म्युलर या विद्यार्थ्याने आपला प्रबंध याच विषयावर लिहिला. त्याचा स्वतःचा नंबर मायनस १४ च्या घरात होता. काचेची लेन्स तो कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून घालायचा, आणि तरी ती अर्ध्या तासापलीकडे सोसत नसे. भिंग बरोबर होतं, दिसतही होतं. काच डोळ्याच्या मापाची नव्हती आणि तिच्यातून हवा जात नव्हती. पुढे बुडापेस्टमध्ये योझेफ दाल्लोश यांनी १९३० च्या आसपास जिवंत डोळ्याचा ठसा घेऊन त्यावरून काच घडवायला सुरुवात केली. डोळ्यांचं माप सरसकट एकच नसतं, प्रत्येक डोळ्यासाठी काच निराळी घडवावी लागते, हे त्यांनी हाताने काम करून दाखवलं. १९४८ मध्ये अमेरिकेत केविन टुओही यांनी फक्त पारपटलावर मावेल अशी छोटी प्लास्टिकची लेन्स आणली. ती कडक होती आणि हवा जवळजवळ जाऊ देत नव्हती, पण मिचकावताना तिच्याखालचे अश्रू बदलत, त्यावर डोळा तगायचा.

मऊ लेन्सची कथा प्रागची आहे. ओटो विख्टर्ले हे रसायनशास्त्रज्ञ पाणी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकवर काम करत होते. त्यापासून लेन्स ओतायच्या तर कडा फाटायच्या, आणि सरकारने कामाला पाठिंबा देणं थांबवलं होतं. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या 'मेर्कुर' नावाच्या लोखंडी पट्ट्यांच्या खेळण्यातून, सायकलचा डायनामो जोडून, साचे गरगर फिरवणारं यंत्र केलं. फिरत्या साच्यात द्रव पसरत गेला, घट्ट झाला, आणि गुळगुळीत कडेच्या पहिल्या चार लेन्स निघाल्या. ताक घुसळताना मधोमध खळगा पडतो, त्याच न्यायाने लेन्सच्या आतली गोलाई आपोआप तयार झाली. या पद्धतीच्या लेन्स १९७१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाल्या आणि कॉन्टॅक्ट लेन्स सामान्य माणसापर्यंत पोचली. प्राणवायूचा प्रश्न मात्र उरलाच होता. पाण्यातून तो जातो, पण तोकडा. १९८४ मध्ये सिडनीचे ब्रायन होल्डन आणि त्यांचे सहकारी जॉर्ज मर्ट्झ यांनी पारपटल सुजू नये म्हणून लेन्समधून किमान किती प्राणवायू जायला हवा याचे आकडे मांडले, आणि दिवसा लागतो त्याच्या साडेतीन पट रात्री लागतो असं दिसलं. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स प्राणवायू भरपूर जाऊ देतात. मापाची अडचण त्यांनीही सुटलेली नाही, उलट हे प्लास्टिक जरा ताठ असल्याने चुकीचं माप लवकर जाणवतं.

सिलिंडर नंबर असलेल्यांना, म्हणजे ज्यांचा घुमट एका दिशेने जास्त वळलेला असतो त्यांना, आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्यांची लेन्स डोळ्यावर गोल फिरता कामा नये. तिच्या तळाशी किंचित वजन ठेवलेलं असतं आणि कडेला बारीक रेघ असते. ती रेघ दहा अंशांनी जरी तिरपी राहिली तरी सिलिंडरचा जवळजवळ एक तृतीयांश भाग दुरुस्त व्हायचा राहतो. रेघ कुठे थांबते हेही डोळ्यावर घालूनच कळतं.

आणि काही डोळे असे असतात की त्यांच्यासाठी लेन्स ही हौस नसते. केरॅटोकोनस या विकारात पारपटल पातळ होत जाऊन शंकूसारखं पुढे येतं. बहुतेकदा तो किशोरवयात सुरू होतो. सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढतो, चष्मा बदलूनही अक्षरांना सावली राहते, मुलगा डोळे चोळत असतो आणि घरचे म्हणतात मोबाइल कमी कर. आपल्याकडे हा विकार वाटतो त्याहून जास्त आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांपुढच्या चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी करणाऱ्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'ने २००९ मध्ये तिथलं प्रमाण २.३ टक्के सांगितलं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जुन्या अभ्यासात ते लाखात पन्नासच्या घरात होतं. दोन्हीकडचे निकष वेगळे, हे खरंच. पण डोळे चोळणाऱ्या मुलाला एकदा तरी पारपटलाच्या नकाशासाठी बसवावं, एवढं सांगायला हा फरक पुरेसा आहे. विकार वाढत असेल तर तो थांबवण्यासाठी सी-थ्री-आर नावाचा उपचार आहे. लेन्स त्याला थांबवत नाही, ती दृष्टी देते. मऊ लेन्स वाकड्या घुमटावर वाकडीच बसते, म्हणून इथे हवा जाऊ देणारी कडक लेन्स लागते. तिच्या आणि पारपटलाच्या मधली फट अश्रूंनी भरते आणि खडबडीतपणा झाकला जातो.

अशा लेन्सचं माप घेताना बघणं हा एक सुंदर अनुभव आहे. डोळ्यात फ्लुरेसीन, म्हणजे तोच केशरी-हिरवा थेंब, घालून निळा प्रकाश टाकला की अश्रू जिथे साचलेत तिथे झगझगीत पोपटी दिसतं, आणि लेन्स जिथे टेकते तिथे काळं. शंकूच्या टोकावर मोठा काळा डाग दिसला की लेन्स टोकाला घासतेय. तशीच दिली तर तिथे व्रण पडेल. मध्ये पोपटी पाणी साचून बुडबुडा दिसला तर ती फार उंच उभी आहे. तज्ज्ञ एक लेन्स काढतो, दुसरी घालतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकांनी सात-आठ लेन्स बदलतो. एका डोळ्याला तास सहज जातो. ज्या मुलाला फळा दिसत नव्हता त्याला त्या तासाअखेर भिंतीवरच्या तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचताना मी पाहिलं आहे. त्याची आई खुर्चीच्या मागे उभी होती आणि तीही त्याच्याबरोबर ओठ हलवत होती.

लग्नासाठी पार्लरमधून निळ्या-राखाडी लेन्स घेणाऱ्या मुलींनाही हे सगळं लागू आहे. नंबर शून्य असला तरी झाकण ते झाकणच, आणि रंगाचा थर हवेची वाट आणखी अडवू शकतो. बहिणीची लेन्स आपल्याला घालणं तर अजिबात नको.

माप बरोबर आलं की शिकवणी. हात साबणाने धुऊन कोरडे करणं. लेन्स बोटावर ठेवून तिची कड बघणं, वाटीसारखी सरळ उभी असेल तर बरोबर, बशीसारखी बाहेर वळली असेल तर उलटी. रोज नवं द्रावण, दर तीन महिन्यांनी नवी डबी. आणि पाण्याशी पूर्ण फारकत. नळाचं, माठातलं, उकळून गार केलेलं, कुठलंच पाणी लेन्सला लावायचं नाही. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो. तो लेन्सखाली पारपटलात शिरला तर महिनोन्‌महिने औषधं घालूनही नजर वाचेलच असं नाही. अंघोळीला, पोहायला आणि झोपायला जाताना लेन्स काढायची. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना झाला तर तत्क्षणी काढायची आणि डॉक्टरकडे जायचं, जाताना डबी बरोबर न्यायची.

त्या ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी मला आठवड्याने परत बोलावलं, तेही संध्याकाळी. "सकाळी घातलेली लेन्स तशीच ठेवून या. ताजी घालून आलात तर मला काही कळणार नाही." कॉलेज आणि बसचा प्रवास करून सहा वाजता मी पुन्हा त्या यंत्रावर हनुवटी टेकवली. त्यांनी वर बघायला सांगितलं, डावीकडे, उजवीकडे. मिचकावलं की कड अजून हलत होती. लेन्स काढून त्यांनी पांढऱ्या भागावरून प्रकाशाची फट गोल फिरवली, वळ नव्हता. मग एका कार्डावर त्यांनी कंपनीचं नाव लिहिलं आणि खाली आकडे: ८.६, १४.२, मायनस ६.००. ते कार्ड मी बसच्या पासामागे ठेवलं. ज्या कागदावर मला पहिली जोडी विकली होती, त्यावर यातला एकही आकडा नव्हता.